न चाखलेलं पाणी

माझी शाळा लवकर सुटली. त्यामुळे लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल, शब्द फारच साधे वाटले, तर सांभाळून घ्या. गोष्ट मात्र शेवटपर्यंत वाचा, आणि मुलांना सांगाल तेव्हा मधलं भीतीचं गाळू नका. गोष्ट त्या भीतीचीच आहे.

फार जुना काळ. इतका जुना, की तेव्हा हे डोंगरसुद्धा आजच्यापेक्षा थोडे उंच असतील. एका घाटाच्या माथ्यावर एक गाव होतं. गाव संपून वाट जिथे जंगलात शिरते, तिथे पुरुषभर उंचीची एक काळी शिळा उभी होती. तिला सगळे वाटशिळा म्हणत.

या शिळेवर लिहिणारा एक तरुण गावात होता. त्याला शिळेकरी म्हणायचे. उजाडायच्या आत उठायचं, घाटातली वाट पायाखाली घालायची आणि जे दिसेल ते चुन्याने शिळेवर लिहायचं, हे त्याचं काम. ‘टाक्यातलं पाणी गोड आहे.’ ‘कड्याखाली मधमाश्या उठल्या आहेत.’ ‘वाटेत झाड पडलं आहे.’ ‘साकवाची फळी हलते.’ येणारे-जाणारे ते वाचत. ज्यांना वाचता येत नसे ते दुसऱ्याकडून वाचून घेत आणि मगच पुढे पाऊल टाकत. संध्याकाळी ओल्या गोणपाटाने शिळा पुसायची, सकाळी पुन्हा लिहायची.

या कामाला नियम एकच होता. शिळेकऱ्याला तो बापाने दिला होता, बापाला आजाने. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, आणि पाण्याचं तर चाखल्याशिवाय नाहीच.

“डोळा फसतो,” बाप म्हणायचा, “जीभ फसत नाही. आधी आपण प्यायचं, मग लोकांना पी म्हणायचं.”

पुढे त्या मुलखावर एक सरदार चालून आला. सुगी झाली की त्याचे स्वार यायचे आणि कणग्या झाडून न्यायचे. मूठभर बियाणंसुद्धा मागे ठेवायचे नाहीत. मग घाटमाथ्याच्या लोकांनी रानात चार ठिकाणी पेवं केली. जमिनीत खोल खड्डा खणायचा, आतून लिंपायचा, पेंढा घालून धान्य भरायचं, वर माती लोटून गवत रुजू द्यायचं, त्याला पेव म्हणतात. एक पेव टाक्याच्या वरच्या अंगाला वडाखाली होतं, एक कड्याजवळ, एक दुसऱ्या वळणाशी, एक ओढ्यावरच्या लाकडी साकवापलीकडे.

घाटाखालच्या वाड्यांचंही पोट या पेवांवरच होतं. तिथल्या बाया रानातल्या चोरवाटेने येत आणि ओटीत मावेल एवढंच धान्य नेत. जास्त नेलं तर घरझडतीत सापडायचं. पण स्वार रोज वेगळ्या बाजूला फिरत. आज कोणत्या पेवावर जाणं धोक्याचं नाही, हे गावातल्या गुराख्यांना कळायचं. ते खाली वाड्यांना कसं कळवायचं?

आधी बायांनी गाण्यातून सांगून पाहिलं. सरदाराने गाणं बंद केलं. मग पदराला गाठी मारून पाहिलं. सरदाराचे शिपाई नाक्यावर पदर तपासू लागले. मग एकीने छपरावर लाल लुगडं वाळत घातलं, म्हणजे वडाखाली या. ती बाई नंतर कोणाला दिसली नाही. लुगडं मात्र कितीतरी दिवस तिथेच वाळत होतं. ते काढायची कोणाची छाती झाली नाही.

एक शिळा तेवढी सरदाराने राहू दिली. त्याचे घोडे सपाटीचे, स्वार परमुलखाचे. घाटात पाय कुठे ठेवायचा हे त्यांना शिळाच सांगत होती. म्हणून त्याने नाका थेट शिळेशेजारी बसवला.

एका सकाळी पाटलांनी शिळेकऱ्याला घरी बोलावलं. दार लावून घेतलं.

“तू रोज जे लिहितोस ना,” पाटील म्हणाले, “त्यातच लपवायचं. पाण्याचं वाक्य दिसलं, की वडाखालचं पेव. मधमाश्यांचं दिसलं, की कड्याजवळचं. झाडाचं दिसलं, की वळणाशी. फळीचं दिसलं, की साकवापलीकडे. चारातलं एकच रोज लिहायचं. नवीन काही नाही. नवीन दिसलं की नजर जाते.”

“पण पाटील, त्या दिवशी झाड पडलेलं नसलं तर?”

“नसलं तर नसलं! शब्द म्हणजे घोंगडी रे. पाऊस नसला तरी पांघरता येते.”

शिळेकऱ्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण खालच्या वाडीत त्याची बहीण दिली होती. तिच्या घरात दोन लेकरं, धाकटं अजून अंगावर पिणारं, आणि चुलीवर गेल्या महिन्यापासून कंद उकडत होते. तो हो म्हणाला.

हो म्हणाला, पण बापाचा नियम काही त्याला मोडवेना. मग त्याने एक उपाय काढला. वाक्य खरं नसेल, तर ते खरं करून ठेवायचं. पाटलांनी झाडाचं सांगितलं, की तो अंधारातच निघायचा, रानात मोडून पडलेलं वाळकं खोड शोधायचा आणि खांद्यावर ओढत आणून वाटेत आडवं टाकायचा. फळीचं सांगितलं, की साकवावर जाऊन एक खुंटी सैल करायचा. मधमाश्यांचं सांगितलं, की कड्याखाली ओल्या पाल्याचा धूर करून जीव घेऊन पळायचा. एकदा त्याचा डोळा सुजून बंद झाला. पाण्याचं सांगितलं की तो टाक्यावर जाई, खांबांच्या आड अंधारात ओंजळ घाली आणि पिऊन येई. टाकं कातळात कोरलेलं होतं. आत सूर्य जात नसे. पाणी काळं दिसायचं आणि गूळ घातल्यासारखं लागायचं.

खांदा सोललेला बघून पाटील हसायचे. “अरे, नुसतं लिहायचं होतं! तू तर नाटकातलं झाड खरं लावायला निघालास.”

शिळेकरी सदरा खांद्यावर ओढून घ्यायचा आणि कुंचा उचलायचा. मुळातच तो कमी बोलणारा.

नाक्यावर एक मिशाळ स्वार होता. मिशा एवढ्या, की भाकरी खाताना एका हाताने बाजूला धराव्या लागत. वाचता येणारा नाक्यावर तो एकटाच. त्यामुळे रोज सकाळी तो शिळेपुढे उभा राहायचा आणि अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचायचा. “टा… क्या… त… लं…”

शिळेकऱ्याची बहीण त्या वेळी नाक्यावर लाकडाची मोळी घेऊन आलेली असायची. सरदाराच्या मुदपाकखान्याला लाकडं लागत. तिला अक्षर येत नव्हतं. पण मिशाळ स्वार सगळ्या जगाला ऐकू जाईल असं वाचायचा. म्हणजे वाड्यांचा निरोप सरदाराचा माणूसच रोज घसा फोडून देत होता.

“काय गं, लाकडं पुन्हा ओली?” एखादा शिपाई ओरडायचा.

“डोंगरातली लाकडं, दादा. तुमच्यासारखीच, तापायला वेळ घेतात,” ती म्हणायची. शिपाई हसायचे. ती हसत नसे. मान खाली घालून निघायची, आणि त्या दिवशी वाड्यांत पेज शिजायची.

एके दिवशी सरदार स्वतः नाक्यावर आला. घोड्यावरून न उतरताच त्याने शिळेकडे पाहिलं. ‘वाटेत झाड पडलं आहे.’

“हे कोणी लिहिलं?”

“मी, जी.”

“कुठे पडलंय?”

“दुसऱ्या वळणावर, जी.”

सरदाराने मानेनेच एका स्वाराला पाठवलं. मग कमरेचा जंबिया काढला आणि त्याच्या टोकाने नखं कोरत बसला. बहीण मोळी डोक्यावर घेऊन तशीच उभी होती; उतरवावी तर आवाज होईल. शिळेकऱ्याच्या सोललेल्या खांद्याला सदरा चिकटला होता. घाम आत शिरला की आग व्हायची, पण त्याने हात वर नेला नाही.

स्वार परत आला. “पडलंय, सरदार. वाळकं खोड आहे. वाळवी लागलेली.”

सरदाराने जंबिया म्यान केला. “माणसं खोटं बोलतात,” तो म्हणाला, “दगड बोलत नाही, हे बरं.” आणि गेला.

मिशाळ स्वार शिळेकऱ्याजवळ आला. “आमच्या घाटातही अशीच शिळा होती,” तो हळूच म्हणाला. “माझी आई म्हणायची, एक वेळ देव चकवील, शिळा चकवणार नाही.”

शिळेकरी घरी गेला आणि दाराला पाठ लावून खाली बसला. त्या दिवशी झाड आणलं नसतं तर?

असेच दिवस गेले. पाण्याचं केव्हा लिहावं लागेल सांगता येत नसे, म्हणून तो आता रोज संध्याकाळीही ते चाखून ठेवू लागला. मग एका संध्याकाळी तो टाक्यावरून पाणी चाखून परत येत होता, तेव्हा नाक्यावरच्या शिपायांनी त्याला धरलं.

“रोज टाक्यावर कशाला जातोस रे?”

“चाखायला, जी. उद्या लिहायचं तर…”

“चाखायची एवढी हौस आहे?” एकाने त्याची मान धरून डोकं घोड्यांच्या हौदात दाबलं. त्याने हात मारले, पाय मारले. कानात नुसते बुडबुडे. वर काढलं, पुन्हा दाबलं. मिशाळ स्वार बाजूला उभा होता. त्याने मध्ये हात घातला नाही. उलट शिळेकऱ्याचा तांब्या पायाने चेपला आणि झाडीत भिरकावला. “पुन्हा उगाच हिंडताना दिसलास तर याच हौदात राहशील,” तो म्हणाला.

त्या रात्री शिळेकऱ्याला झोप लागली नाही. डोळे मिटले की पाणी नाकात शिरायचं.

पहाटे पाटलांचा निरोप आला. आज पाण्याचं वाक्य. तो पाटलांकडे गेला.

“पाटील, चाखून यायला हवं. आणि मला… मला तिकडे जायची भीती वाटते.”

“मग नको जाऊस. काल चाखलंस ना?”

“काल चाखलं.”

“कसं होतं?”

“गोड.”

“झालं तर! कातळातलं पाणी ते. रात्रीतून नासायला ते काय दूध आहे? लिही आणि मोकळा हो.”

शिळेकऱ्याने कुंचा चुन्यात बुडवला. हात थोडा थांबला. मग त्याने लिहिलं, ‘टाक्यातलं पाणी गोड आहे.’ अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

मिशाळ स्वाराने बोट ठेवून वाचलं. बहिणीने मोळी टाकली आणि मान खाली घालून निघाली. सगळं रोजच्यासारखं झालं. पाहा, काही बिघडलं नाही, असं शिळेकरी स्वतःला सांगत घरी आला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेळ्या राखणारी एक म्हातारी गावात ओरडत शिरली. तिच्या काखेत एक करडू होतं, आणि ती शिळेकऱ्याच्या दारात येऊन थांबली.

“बाहेर ये, मेल्या! बाहेर ये! तुझ्या हाताला किडे पडोत!”

“काय झालं, आजी?”

“पाणी गोड म्हणे! त्या मिशाळाने वाचलं, मी ऐकलं, आणि माझ्या शेळ्या टाक्यावर नेल्या. तोंडाला फेस आला, माघारी येताना रानात पाय झाडले आणि गेल्या. हे एक करडू दूध पितं म्हणून वाचलं. मग जाऊन बघते तर टाक्यात आत, खांबांमागे, मासे पांढरी पोटं वर करून तरंगतायत. कोणीतरी मासेमारीची रानफळं ठेचून टाकलीत पाण्यात. तू चाखलं होतंस ना? सांग, चाखलं होतंस ना?”

शिळेकरी चुना लागलेली बोटं सदऱ्याला पुसू लागला.

गलका ऐकून पाटील आले. म्हातारी त्यांच्याकडे वळली. “आणि आता सरदाराची स्वारी टाक्याकडेच चाललीय. गुराख्यांनी सांगितलं होतं ना, आज ते साकवाकडे जाणार? गेले होते. पण ऊन लागलं, आणि शिळेवर पाणी गोड लिहिलंय, म्हणून वळले.”

तेव्हा कुठे शिळेकऱ्याच्या ध्यानात आलं. त्याने आणि पाटलांनी ते वाक्य एका पेवाचं नाव म्हणून ठरवलं होतं. पण ते वाक्यही होतंच की! वाचणाऱ्याने त्याचा अर्थ पाणी असाच घेतला होता. म्हातारीने घेतला, सरदाराने घेतला. आणि वडाखाली, टाक्यापासून हाकेच्या अंतरावर, आत्ता त्याची बहीण आणि वाडीच्या बाया माती उकरत असतील.

पाटलांनी त्याला आत ओढलं. त्यांचे डोळे चमकत होते. “गप्प बस. देवानेच धाडलंय हे. पिऊ दे त्यांना.”

“पाटील, मरतील.”

“मरू देत! आपल्या कणग्या रिकाम्या करताना त्यांना दया आली? आणि तू जाऊन काय सांगणार आहेस? शिळा खोटं बोलली म्हणून? का बोलली, असं विचारतील. दोन फटक्यांत तू चारही पेवं ओकशील. तुझी बहीण तिथे आहे, लेका, तुझी बहीण!”

हे सगळं खरं होतं. शिळेकऱ्याला ते कळत होतं. त्याला मरणाची भीती वाटत होती, आणि हौदाची तर मरणाहून जास्त. पण त्याच्या कानात मिशाळ स्वाराचा आवाज घुमत होता. शिळा चकवणार नाही. तो माणूस त्याचं अक्षर वाचून पाणी पिणार होता.

पाटलांचा हात झिडकारून तो धावत सुटला. पायवाट सोडून सरळ उतारावरून गेला. करवंदीच्या काट्यांनी पोटऱ्या फाटल्या. टाक्यापाशी पोहोचला तेव्हा मिशाळ स्वार गुडघ्यावर बसला होता. एका हाताने मिशा बाजूला, दुसऱ्या हातात पाणी.

“पिऊ नका! पाणी पिऊ नका!”

मिशाळाच्या हातातलं पाणी सांडलं. सगळे वळले. सरदार खांबाला टेकून उभा होता. तो हळूहळू जवळ आला.

“शिळेवर गोड लिहिलंय. तूच लिहिलंस.”

“होय, जी.”

“आता म्हणतोस पिऊ नका.” सरदाराचा आवाज अगदी मऊ होता. “म्हणजे दोनातलं एक खरं. पाणी विषारी आहे आणि आम्हाला मारायला तू गोड लिहिलंस. नाहीतर पाणी चांगलं आहे आणि इथे काहीतरी आहे, ज्याच्याजवळ आम्ही थांबू नये असं तुला वाटतं. कोणतं?”

वर वडाच्या पारंब्या हलत होत्या. वारा नव्हता. शिळेकऱ्याने तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. त्याने खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

“दोन्ही नाही, जी. मी न चाखता लिहिलं.”

“का?”

“काल चाखलं होतं. गोड होतं. परत येताना तुमच्या माणसांनी मला हौदात बुडवलं. आज सकाळी इकडे यायची मला भीती वाटली. म्हणून कालचंच लिहिलं. आत्ता शेळ्या मेल्या म्हणून कळलं.”

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

सरदाराने मिशाळाकडे पाहिलं. मिशाळाने मान खाली घातली. “बुडवलं होतं, सरदार,” तो म्हणाला.

“शब्दांवर माझा भरवसा नाही,” सरदार शिळेकऱ्याला म्हणाला. “सकाळी चाखायचं राहिलंय ना तुझं? आता चाख.”

शिळेकरी टाक्याच्या काठाशी वाकला. पाणी काळंच होतं, नेहमीसारखं. त्याने ओंजळ भरली. बोटांतून निम्मं सांडलं. उरलेलं तो प्यायला.

आधी काहीच झालं नाही. मग जिभेवर कडवट चव आली, पोटात कोणी मुठीने पिळावं तसं झालं, आणि तो काठावर आडवा पडला. ओकाऱ्या थांबेनात. स्वार मागे सरकले. तेवढ्यात मागच्या बाजूला सरदाराचा आचारी मटकन गुडघ्यावर बसला.

“सरदार, माफी असावी! काल तिन्हीसांजेला मीच फळं टाकली. तुम्ही म्हणालात, मासे हवेत. दुसरे मासे मिळेनात…”

“म्हणजे रात्री मी जे खाल्लं…” सरदाराने नकळत पोटावर हात ठेवला.

एक स्वार हसला आणि लगेच गप्प झाला.

सरदाराने खाली पडलेल्या शिळेकऱ्याकडे पाहिलं. “कपटी असता तर गावात बसून आमच्या मरणाची वाट पाहत राहिला असता,” तो म्हणाला. “हा नुसता भित्रा आहे. पडू दे इथेच.” त्याने घोड्याला टाच मारली. आचाऱ्याला दोर बांधून मागे ओढत नेलं. त्याचं ओरडणं घाटात बराच वेळ ऐकू येत होतं.

सगळ्यात मागे मिशाळ स्वार राहिला. त्याने आपलं पागोटं सोडलं, त्याची घडी केली, शिळेकऱ्याच्या डोक्याखाली सारली, आणि मग निघाला.

घोड्यांचा आवाज विरल्यावर वडाच्या मुळांतून बाया बाहेर आल्या. बहिणीने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तो काढून ती उतारावरून धावत आली. तिने भावाचं डोकं मांडीवर घेतलं.

“दादा, कशाला आलास रे?”

“तो… पिणार होता.”

“कोण? तो मिशाळ? काल तुझा तांब्या ज्याने चेपला तो?”

“हो. शिळा वाचून पिणार होता.”

बहिणीने पदराने त्याचं तोंड पुसलं. बायांनी त्याला उचललं आणि चोरवाटेने घरी आणलं. दिवसभर तो तापाने फणफणत होता. मधेच ग्लानीतून जागा झाला की एकच विचारायचा, “पुढचं वाक्य कोणतं? मिशाळ आधी कोणतं वाचतो?” लोकांना वाटलं, बडबडतोय.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाटील आले. ओशाळलेले होते. दारातच उभे राहिले. “बरा आहेस ना? आज… आज कड्याजवळचं पेव. मधमाश्यांचं वाक्य. तुला जमत नसेल तर मी लिहून घेतो कोणाकडून.”

शिळेकरी भिंतीला धरून उठला.

“पाटील, मी एकच वाक्य लिहिणार नाही. चारही लिहीन. पाणी, मधमाश्या, झाड, फळी, रोज चारही. जसं असेल तसं. पाणी कडू तर कडू, माश्या नाहीत तर नाहीत. तुम्ही मला एवढंच सांगा, की पहिलं कोणतं लिहू. मिशाळ वरून वाचायला सुरुवात करतो. ज्याची ओळ पहिली, तिथलं पेव. बहिणीला मी रात्रीच सांगून ठेवलंय.”

पाटील दारातून आत आले. “म्हणजे खोटं काहीच नाही?”

“काहीच नाही. तपासू देत त्यांना कितीही.”

मग तो काठी टेकत निघाला. कड्याखाली गेला, साकवावर गेला, वळणावर गेला. टाक्यावर गेला तेव्हा त्याचं अंग शहारलं. तरी त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. परतताना डोंगरातल्या झऱ्याचं पाणी प्यायला, आणि तेच एका मडक्यात भरून म्हातारीच्या दारात ठेवलं. म्हाताऱ्या आजीने त्याच्याकडे पाठ केली, पण मडकं लाथाडलं नाही. ते मडकं पुढे रोज येत राहिलं.

ऊन शिळेवर आलं तेव्हा मिशाळ स्वार पुढे झाला. आज डोक्याला पागोटं नव्हतं. त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“कड्याखाली आज मधमाश्या नाहीत. टाक्यातलं पाणी पिऊ नका, मी चाखलं आहे. वाट मोकळी आहे. साकव धड आहे.” मग त्याने शिळेकऱ्याकडे पाहिलं. “पाहिलंस?”

“पाहिलं.”

“चाखलंस?”

“चाखलं.”

पहिलं वाक्य ऐकलं तेव्हाच बहिणीने मोळी उतरवली होती. तिने रिकामी चुंबळ डोक्यावर ठेवली आणि मान खाली घालून, कोणाकडेही न बघता, कड्याच्या दिशेने चालू लागली. शिळेकऱ्याने कुंचा धुतला, उन्हात वाळत ठेवला आणि आपला चेपलेला तांब्या शोधायला झाडीत शिरला.

तात्पर्य म्हणून मनाशी ठेवायचं ते एवढंच: गुपित शब्दांत लपवावं लागलं तर जरूर लपवावं, पण तेच शब्द खरे मानून कोणीतरी पाऊल टाकत असतं. खऱ्याच्या आड ठेवलेलं गुपित टिकतं. खोट्याच्या आड ठेवलेलं आधी परक्याच्या जिवावर उठतं आणि मग आपल्या.